घरचं बोलणं

चिचटोल्यात ग्रामसभा भरली की माणसं दोनदा बसतात. आधी चिंचेच्या मावळतीच्या अंगाला, मग उगवतीच्या. मधे दगडांची एक ओळ आहे. ती गुडघ्याएवढीही उंच नाही, शेळीचं पिल्लूसुद्धा उडी मारून जाईल. पण सभेच्या दिवशी माणसं ती ओळ खाली बघून, जपून ओलांडतात.

मावळतीकडे बसून बोलायचं ते घरचं. आपल्या घराला काय हवं, काय नको, कुठे दुखतं, कशाची हाव सुटली आहे, ते तिथे सांगून टाकायचं. त्यावर कुणी कुणाला खोडायचं नाही. सगळ्यांचं सांगून झालं की उठायचं, लुगडी-धोतरं झटकायची आणि दगड ओलांडून पलीकडे जाऊन बसायचं. तिथे बोलायचं ते गावचं. मला काय पाहिजे हा प्रश्न अलीकडे राहिला, पलीकडे एवढंच विचारायचं की गावानं काय करावं. एकानं जरी ‘नाही’ म्हटलं तरी ठराव होत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हात वर करून मोजणं चिचटोल्यानं कधी केलं नाही. नवा सचिव आला की पहिल्या सभेला घड्याळाकडे बघतो, दुसऱ्या सभेला मोबाइलकडे बघतो आणि तिसऱ्या सभेपासून जेवणाचा डबा घेऊन येतो.

ही रीत कुणी घातली हे कुणाला धड सांगता येत नाही. सभेत पाळी पुकारणारा म्हातारा पुनाजी कुमरे सांगतो, त्याच्या आजोबांच्या काळात तळ्याच्या पाण्यावरून दोन भावांची डोकी फुटली, तेव्हापासून. पण पुनाजीच्या आजोबांच्या काळात इतकं काही घडलेलं आहे की तो माणूस झोपायचा कधी असा प्रश्न पडतो. ते असो.

तर एवढी चांगली रीत असलेल्या गावात रामबाई मडावीनं एक चूक केली. आणि ती चूक तिच्याच हातून व्हायची होती, कारण तिच्याइतकं गावचं बोलणारं माणूस गावात दुसरं नव्हतं.

रामबाई पासष्टीची. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, घरात ती एकटी. मुलगी एकच, ज्योत्स्ना, टेकडीपलीकडे सावळीला दिलेली. टेकडीवरून गेलं तर सावळी दोन तासांची चाल. गाडीनं जायचं तर डांबरी रस्त्यापर्यंत पायी, तिथून एसटीनं आर्वी, आर्वीला दुसरी गाडी, आणि उतरल्यावर पुन्हा पायी. एसटीत बसलं की रामबाईला पहिल्या वळणालाच मळमळायला लागतं. कंडक्टर तिला बघूनच खिडकीची जागा देतो.

ज्योत्स्नाची सासू दर बुधवारी रोहण्याला, तिथे दिलेल्या मुलीकडे जायची. सकाळच्या गाडीनं गेली की दुपारच्या गाडीनं परत. मधले तीन-चार तास ज्योत्स्नाचे. पण तेवढ्यात टेकडी चढून, उतरून, माहेरी येऊन परत जाणं कसं जमणार? घरी ढोरं, दोन लेकरं. म्हणून मायलेकींनी आपली तोड काढली. ही इकडून चढायची, ती तिकडून. माथ्यावर एक सपाट काळा खडक आहे, त्यावर दोघी तासभर बसायच्या. नऊ वर्षं हे चाललं होतं. रामबाई जवसाची चटणी नेई, कधी मुंगवडे नेई, आणि ज्योत्स्नाची वेणी सोडून पुन्हा घालून देई. सासरी गोंडी बोलणारं कुणी नव्हतं. त्या एका तासात ज्योत्स्ना आपल्या भाषेत हसायची, सासूची नक्कल करायची, कधी आईशी कडाकडा भांडायची. आणि मग दोघी दोन बाजूंनी उतरायच्या. रामबाई चार पावलांवर थांबून मागे वळून बघायची, पण तोवर माथ्यावर कुणी नसायचं.

चढता-उतरताना पायाखाली दगड, म्हणून रामबाईची नजर खाली. खाली बघताबघताच एका बुधवारी तिच्या ध्यानात आलं, की या उतारावरची मोहाची झाडं सगळी म्हातारी आहेत. दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत असे मोह आहेत, पण खाली एकही रोप नाही. पुढच्या बुधवारी तिनं नीट पाहिलं. नाहीच. पहाटे फुलं वेचायला सोपं जावं म्हणून आपण झाडाखालचा पाला जाळतो, त्यात रोपं जातात. वाचतील ती शेळ्या खातात. हे म्हातारे मोह पडले की या टेकडीवर मोह नाही. 

तीन वर्षांपूर्वी वनहक्काचा कागद गावाला मिळाला होता. टेकडीचं बरंवाईट आता गावानंच बघायचं होतं. रामबाईनं घरोघर जाऊन ही गोष्ट सांगितली, बायकांना हाताला धरून टेकडीवर नेलं, दाखवलं. टेकडी काही वर्षं बंद ठेवायची का, यावर गेल्या वर्षीच्या मे महिन्यात सभा बसली. विषय तिनंच काढलेला, सभा तिच्याच नावानं ओळखली जात होती.

वनसमितीचा नागेश उईके मोबाइलवर टेकडीचा नकाशा काढून आला होता. नागेश चाळिशीचा, बोलायला सरळ. सभा सुरू होण्याआधीच त्यानं सांगून टाकलं.

“अर्धवट बंदी कराची असंन त राहू द्या. वाट चालू ठेवली त काई फायदा नाई. जिथून माणूस जाते, तिथून बकरी जाते. पाच वर्ष कोणाचा पाय नाई पडला पाह्यजे, ना झाडात, ना वाटंवर. गस्तवाले तेवढे कडंकडंनं फिरतीन.”

रामबाईनं ते ऐकलं. वाटेचा विचार तिनं केलाच नव्हता. झाडांचं बघता बघता ज्या वाटेवरून बघितलं तीच वाट ती विसरली होती.

घरचं बोलणं सुरू झालं. कोकिळा आत्राम उठली. कोकिळेचं बोलणं म्हणजे कढईत मोहरी.

“माह्या सात बकऱ्या हायेत. त्याइले का घरात पाटावर बसवून भाकर चारू? तुमचा मोह पंधरा वर्षानं फुलंन, माही बकरी त आज ओरडते!”

माणसं हसली. हसायचं नसतं, पण हसली. रामबाई हसली नाही. तिनं कोकिळेकडे अशा नजरेनं पाहिलं की कोकिळा खाली बसली. एवढं गावाचं चाललंय आणि हिला बकऱ्या दिसतात, असं त्या नजरेत होतं. आणि ती नजर अजून डोळ्यांत असतानाच पुनाजीनं पुकारलं, “रामबाई, घरचं सांग.”

आता काय सांगायचं होतं तिला? की मला बुधवारी माझी मुलगी हवी? जिनं सगळ्यांना टेकडीवर नेऊन दाखवलं, तिनंच म्हणावं की माझ्यापुरती वाट उघडी ठेवा? एवढी माणसं आपलं आपलं सोडायला तयार झाली ती तिच्या शब्दावर. तिनं मागितलं की प्रत्येक जण मागेल. आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता. ‘रामबाई म्हणजे गावाची बाई’ हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिला आवडायला लागलं होतं.

“घरचं काई नाई,” ती म्हणाली. “जे गावाचं, ते माहं.”

वाक्य ऐकायला फार छान आहे. अशा वाक्यावर माना डोलतात, तशा डोलल्या. पुनाजीनं मात्र तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“काईच नाई?”

“काईच नाई.”

मग सगळे उठले, लुगडी-धोतरं झटकली, दगड ओलांडले. पलीकडे गेल्यावर कोकिळेच्या बकऱ्यांसाठी गावानं नाल्याकाठची पडीक जमीन काढून दिली, कारण तिनं मागितलं होतं. टेकडी पाच वर्षं बंद झाली. वाटही बंद झाली. एकानंही ‘नाही’ म्हटलं नाही, आणि सचिवानं ठराव लिहून डबा उघडला.

पहिल्या बुधवारी रामबाईनं सकाळी उठून दोन भाकरी जास्त थापल्या, चटणी फडक्यात बांधली आणि मग ती हातात धरून उभी राहिली. ती चटणी तिनं पुढे आठवडाभर खाल्ली. तिला ती कडू लागली.

पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली. दिवाळीनंतर ती एकदा एसटीनं सावळीला जाऊन आली. आर्वीपर्यंत दोनदा ओकली. मुलीच्या घरी पोचली तेव्हा तोंड सुकलेलं. सासूनं चहा दिला, ताट वाढलं, जावई खाली बघून बसला. सगळ्यांसमोर कुणाची वेणी घालणार? तासाभरात परतीची गाडी होती. निघताना ज्योत्स्ना फाटकापर्यंत आली आणि मराठीत म्हणाली, “मा, बराबर जाजो.”

फोन होता. पण सासरी फोन एकच, तो सासूच्या उशाशी, आणि बोलणं सगळं खोलीभर ऐकू जाणारं.

“बरी हाये ना?”

“बरी हाये. तू?”

“बरी.”

यापुढे दोघींना काही सुचत नसे. एक तास कडाकडा भांडणाऱ्या मायलेकी फोनवर पाहुण्यांसारख्या बोलत. फोन ठेवला की रामबाई ओसरीवर येऊन टेकडीकडे बघत बसायची. टेकडी जवळच आहे, हाताच्या अंतरावर दिसते, हेच तिला सोसत नसे. लांब असती तर मन एकदाचं मुकाट बसलं असतं.

गस्तीची काठी घरोघर फिरते. ज्याच्या दारात काठी, त्या घराची त्या दिवशी पाळी. रामबाईची पाळी आली की ती खालच्या कडेनं फिरायची आणि वरची कड दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायची. लोकांना वाटे, गुडघे दुखतात. गुडघे दुखतच होते, पण तिला भरवसा नव्हता तो पायांचा. माथ्याच्या जवळ गेले तर ते थांबतील असं तिला वाटत नव्हतं.

माघात एकदा ती वाटेच्या तोंडाशी, हद्दीच्या दगडापाशी उभी राहिली. सहज आत पाहिलं. वाट दिसेना. जिथे तिच्या पायांनी नऊ वर्षं माती तुडवून खळगा केला होता, त्या खळग्यात उतारावरून मोहाच्या बिया घरंगळत येऊन अडकल्या होत्या आणि रुजल्या होत्या. वीत वीत रोपं. वाटभर. दोन्ही बाजूंना विरळ, पण वाटेवर दाट. रामबाईला इतका आनंद झाला की ती तिथेच बसून रोपं मोजायला लागली, आणि मोजतामोजता तिला रडू फुटलं. त्यातलं आनंदाचं किती आणि दुसरं किती, हे तिचं तिलाच कळेना.

मार्चात, शेतांच्या बांधांवरचे मोह गळायला लागले तेव्हाची गोष्ट. एका बुधवारी दुपारी कोकिळा रामबाईच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिची एक बकरी नाल्यानं वर वर गेली होती, तिच्यामागे ती हद्दीच्या कडेनं पार माथ्यापर्यंत जाऊन आली होती. पदर काट्यांनी फाटलेला, धाप लागलेली.

“रामबाई, तुही पोरगी खडकावर बसून हाये.”

रामबाई फुलं निवडत होती. तिचा हात टोपलीतच राहिला. “कोणासंगं?”

“एकटी. म्या म्हणलं, काऊन वं बसली अठी? त म्हणे, बुधवार हाये.”

“आजच आली असंन.”

“दर बुधवारी येते म्हणे. बंदी झाली तवापासून. हद्दीच्या दगडाच्या तिकडून बसते. इकडं पाय नाई टाकला तिनं. म्हणे, गावानं बंद केलं ना, मंग बंद.”

रामबाईनं महिने मोजले. दहा महिने. इतके बुधवार मुलगी वर बसून होती, आणि ती खाली ओसरीवर बसून त्याच टेकडीकडे बघत होती.

कोकिळेला मात्र आता राग आला. “म्या बकऱ्यासाठी ओरडली त तू माह्याकडं कशी पाह्यत होती! जशी का मी गावाले लुटून राह्यली. आन् तू सोताची पोरगी गिळून बसली? कायले? मान डोलवाले?”

एवढं बोलून ती तरातरा गेली ती थेट पुनाजीच्या घरी.

पुनाजी काठी टेकत संध्याकाळच्या आतच आला. रामबाईला वाटलं, समजूत घालायला आला. पण म्हातारा चिडलेला होता.

“तू आमाले फसवलं, रामबाई.”

“म्या? पुनादादा, म्या त काईच मांगतलं नाई.”

“तेच त! आमी काय पाहून ठरवलं? मोह पाह्यला, पाणी पाह्यलं, कोकिळाच्या बकऱ्या पाह्यल्या. तुही पोरगी पाह्यलीच नाई, काऊन का तू दाखवलीच नाई. मंग तो ठराव गावाचा कसा म्हणाव?”

“गावाच्या भल्यासाठीच चूप राह्यली ना मी.”

“गावाचं भलं कशात हाये हे तू एकटीनं ठरवलं. मंग आमी चाळीस घरं तठी काय चिंचा खाले बसलतो?” पुनाजी दम खायला थांबला. मग जरा खाली येऊन म्हणाला, “तूही गावच हायेस ना वं. तुह्यं दुखलं त गावाचं दुखलं का नाई, हे गावाले समजाले नको? पुढल्या रविवारी सभा बसते. पयल्यापासून.”

त्या रविवारी सगळे पुन्हा मावळतीकडे बसले. सचिवाला वाटलं, आपलं कागदपत्र चुकलं. पुनाजीनं दुसऱ्या कुणाला पुकारलंच नाही. “रामबाई, घरचं सांग.”

तिला वाटलं होतं, दोन शब्दांत उरकू. पण उभी राहताच तिनं पदर डोळ्यांना लावला. नवरा गेला तेव्हाही ती चारचौघांत रडली नव्हती. ती दगडांच्या ओळीकडे बघत राहिली. मग म्हणाली,

“मले माही पोरगी पाह्यजे.”

ती एका दमात पुढे बोलत गेली.

“बुधवारी पाह्यजे. घंटाभर. तिची येणी घालाची राह्यते मले. फोनवर मले काई बोलताच येत नाई, अन् मोटारीत बसलं का जीव जाते. तुमाले पाच वर्ष म्हणजे पाच वर्ष. मी तवरोक राह्यतो का नाई, मले नाई मालूम.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मागच्या खेपंले म्या म्हणलं, काई नाई. ते खोटं होतं. हेच होतं.”

या खेपेला माना डोलल्या नाहीत. नागेश मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवून बसला होता. पुनाजीनं काठी आपटली. सगळे उठले, लुगडी-धोतरं झटकली, दगड ओलांडले.

पलीकडे गेल्यावर पहिला नागेशच बोलला. “बुधवारी वाट उघडावं. फक्त मानसाइसाठी. माहं चुकलंतं.” त्याच्यानंतर एकेक करून सगळी घरं तेच म्हणाली. कोकिळाही म्हणाली. चाळीस घरं झाली, राहिली एक.

रामबाई आता उगवतीकडे बसली होती. समोर, दगडांच्या पलीकडे, ती मघाशी बसली होती ती जागा रिकामी दिसत होती. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. बुधवार तीन दिवसांवर होता. आणि तिला ती वीत वीत रोपं दिसत होती.

“वाट नोका उघडू,” ती म्हणाली.

“अवं!” कोकिळा ओरडली.

“मोह वाटंवरच उगवला हाये. बाकी कोठं एवढा नाई. म्या पाह्यला. बुधवारी मी एकटी जरी गेली, तरी माह्याच पायाखाली जाते तो.” तिनं दगडांपलीकडच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. “मी घरून मांगून राह्यली. पण गावाकून नाई म्हणतो.”

एकाचं ‘नाही’ म्हणजे नाहीच.  हाच ठराव मागच्या मे महिन्यातही झाला होता, अक्षर न अक्षर हाच. पण तेव्हा सगळे हलक्या पायांनी घरी गेले होते, आणि आज कुणाला उठवेना. आपण या बाईकडून काय घेतो आहोत, हे आज प्रत्येकाला दिसत होतं.

शेवटी कोकिळाच म्हणाली, “माथ्यावर गस्त कोण करते?”

नागेश म्हणाला, “कोणीच नाई. लांब पडते. कडंनं चढाले अडीच घंटे लागते.”

“तिकडून सावळीची ढोरं घुसतीन त? म्या पाह्यलं, शेण पडून होतं खडकापाशी. वरतं कोणी त बसाले पाह्यजे ना आठवड्यातून एक डाव.” कोकिळेनं रामबाईकडे बघायचं टाळलं. “बुधवारी बसावं.”

रामबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. “हे माह्यासाठी बोलून राह्यली तू?”

“मी उगवतीकडं बसून हाये,” कोकिळा म्हणाली. “ढोरं येते का नाई ते सांग.”

ढोरं येत होती हे खरं होतं. नागेशनं मान हलवली, पुनाजीनं सगळी घरं पुन्हा विचारली, आणि रामबाईला ‘नाही’ म्हणायला जागा सापडली नाही. बुधवारची गस्तीची काठी तिच्या दारात आली.

कडेची वाट खरंच वाईट होती. नाल्याचे गोटे, बोरीबाभळी, मधेच चढ. कोकिळा तिच्या सोबत अर्ध्यापर्यंत आली आणि बकऱ्यांचं निमित्त काढून वळली. रामबाई दर शंभर पावलांना बसत, गुडघे चोळत चढली. चटणीचं फडकं तिनं कमरेला बांधलं होतं.

ज्योत्स्ना खडकावर होती. पाठमोरी. आईची चाहूल लागली तशी ती वळली, उभी राहिली, आणि दोघी हद्दीच्या दगडाच्या दोन बाजूंना तशाच उभ्या राहिल्या. मग ज्योत्स्ना आपल्या भाषेत पहिलं वाक्य बोलली ते हे, की किती वाळलीस गं तू. रामबाईनं तिला ओढून घेतलं. दहा महिन्यांचं सगळं रडू दोघींनी त्या एका दगडावर रडून घेतलं.

मग दगडाच्या पलीकडे ज्योत्स्ना बसली, अलीकडे रामबाई, आणि आईनं मुलीची वेणी सोडली. केसात दोन-चार पांढरे दिसले. हे कधी झालं?

“दर बुधवारी काऊन येत होती वं, मी येणार नाई मालूम असून?” वेणीचे पेड घालत रामबाईनं विचारलं.

“पयले आदतीनं. मंग तुले सांगाचं होतं काई.”

“फोनवर सांगाचं.”

“फोनवर सांगतलं असतं त तू ‘बरं’ म्हणली असती.” ज्योत्स्ना समोर, आपल्या बाजूच्या उताराकडे बघत होती. “आमी सिंदीले चाललो, मा. रेल्वेवाली सिंदी. ह्याइले कापसाच्या गोदामात काम भेटलं. दिवाळीतच ठरलं. लेकराच्या परीक्षा झाल्या का जातो.”

रामबाईचे हात थांबले नाहीत. पेड सैल पडला, तिनं तो सोडला आणि पुन्हा घातला.

“तू घरी म्हणलं नाई, का मले मायपासून लांब नाई जाचं?”

“कोणी इचारलंच नाई.” मग तीच पुढे म्हणाली, “म्या बी सांगतलं नाई. म्हणलं, घराचं भलं होऊन राह्यलं. तुहीच पोरगी हावो ना मी.”

 आपण मुलीला काय काय दिलं याचा तिनं कधी विचार केला नव्हता. हेही दिलं होतं.

“किती बुधवार हाये?” तिनं विचारलं.

“तीन. आजचा धरून.”

तिन्ही बुधवारी ती चढली. तिसऱ्या बुधवारी वेणी घालायला तिनं इतका वेळ लावला की ज्योत्स्नाला सासूच्या गाडीआधी घर गाठायला पळत उतरावं लागलं. रामबाईनं वळून पाहिलं तेव्हा माथ्यावर कुणी नव्हतं.

ज्योत्स्ना गेल्यावरही तिनं बुधवारची पाळी सोडली नाही. ढोरं येतच होती.

मे महिन्यात पुन्हा सभा बसली. विषय पाण्याच्या टाकीचा. टाकी शाळेमागे बसवायची की देवळापाशी. मावळतीकडे एकेक घर सांगत होतं. कुणाला चढ नको होता, कुणाला दारात चिखल नको होता. कोकिळेला टाकी अर्थातच आपल्या अंगणात हवी होती. पुनाजीनं पुकारलं, “रामबाई, घरचं सांग.”

रामबाई उठून उभी राहिली. टाकी कुठेही बसली तरी तिला सारखीच होती, एकटीला दोन कळशा पुरतात. पूर्वीची असती तर म्हणाली असती, घरचं काही नाही.

“माही पोरगी सिंदीले गेली,” ती म्हणाली. “मले तिची लय याद येते.”

 सचिवानं पेन वर केलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “टाकीबद्दल काय लिहू यांचं?”

पुनाजीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. “म्हणली तेच लिहा,” तो म्हणाला. मग रामबाईला विचारलं, “आखीन काई?”

“नाई. एवढंच.”

ती बसली. सचिवानं लिहिलं. पुनाजीनं पुढचं घर पुकारलं, त्यांनी देवळापाशी मागितली. सगळ्यांचं सांगून झालं तेव्हा ऊन चिंचेच्या बुंध्यापर्यंत आलं होतं. सगळे उठले, लुगडी-धोतरं झटकली, आणि रामबाईचे गुडघे दुखतात म्हणून तिला आधी दगड ओलांडू देऊन मग मागून सगळे गेले.